पांढऱ्या गोट्यांची बाग

ऑगस्टच्या शेवटी म्मा मोगापींच्या घरी चहाला गेलो नसतो, तर आज आमच्या अंगणात नुसती माती असती आणि मी सुखात असतो.

म्मा मोगापी, म्हणजे मोगापी बाई, आमच्या भागाच्या शिक्षणाधिकारी. पालाप्येला त्यांचा बंगला आहे. परीक्षांचं वेळापत्रक ठरवायला त्यांनी सहा शाळांच्या उपमुख्याध्यापकांना बोलावलं होतं. वेळापत्रक पंधरा मिनिटांत ठरलं, कारण ते मागच्या वर्षीचंच होतं. उरलेला वेळ बाईंनी बाग दाखवली. कोरफडी, मधूनमधून बैलाएवढे दगड, दगडांतून वळत गेलेली पायवाट आणि टोकाला एक लाकडी बाक. कुठे पाण्याचा थेंब दिसत नव्हता आणि तरी सगळं टवटवीत होतं. बाकीचे पाच जण "वा, वा" म्हणाले. मी भूगोल शिकवतो. नुसतं "वा" म्हणणं मला माझ्या विषयाचा अपमान वाटला.

मी म्हणालो, "उष्ण आणि कोरड्या हवेत बाग करताना लोक ज्या चुका करतात, त्यातली एकही इथे दिसत नाही."

म्मा मोगापींनी वळून पाहिलं. "मोत्सुमी मास्तर, तुमची स्वतःची बाग दिसतेय."

"आहे थोडीफार," मी म्हणालो.

आमच्या महालाप्येच्या घराच्या अंगणात तेव्हा मोरूलाचं एक झाड होतं, अकरा कोंबड्या होत्या आणि बाकी सगळी माती होती. 'थोडीफार' हा शब्द मी नेमका कशाला उद्देशून वापरला, ते मला अजून सांगता येत नाही.

"बक्षीस समारंभाला नोव्हेंबरात तुमच्याच शाळेत येतेय," बाई म्हणाल्या. "तेव्हा बघते."

माणूस अशा वेळी घरी येऊन बायकोला सांगतो, बायको चार शब्द सुनावते आणि विषय मिटतो. पण माझी बायको केलेबोन्ये नर्स आहे, आणि ती जुलैपासून सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला राजधानीला, गाबोरोनला गेली होती. घर सांभाळायला शोशोंगहून तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई आल्या होत्या. आमच्याकडे जावयाने सासूशी तोंड वर करून बोलायचं नसतं. मी हा रिवाज कसोशीने पाळतो, कारण तो मोडायची माझी छाती नाही. एकोणीस वर्षांत आमचं थेट बोलणं झालं असेल ते हवा, गुरांची तब्येत आणि कोण वारलं, एवढ्यावरच.

सासूबाई पहाटे उठून अंगण झाडतात. वाकून, आखूड खराट्याने, मागे मागे सरकत. सूर्य वर येतो तेव्हा मातीवर एकसारख्या अर्धगोलांची नक्षी उठलेली असते आणि तिच्यावर पाय ठेवायचा धीर होत नाही. ज्या घराचं अंगण झाडलेलं नाही त्या घरात कोणीतरी आजारी आहे असं त्या समजतात. आणि ज्या अंगणात गवत आहे तिथे साप आहे, हे त्या समजत नाहीत, त्यांना ते माहीतच आहे.

त्या अंगणात मी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी एक छोटा ट्रक भरून हिरवळ उतरवली.

हिरवळ वळकट्यांच्या रूपात येते. सतरंजी अंथरावी तशी अंथरायची. पालाप्येचा नर्सरीवाला म्हणाला होता, "सर, हे गवत कुठेही जगतं." त्याने ते ज्या जागी जगवलं होतं तिथे सावलीसाठी जाळी होती, बोअरवेल होती आणि दोन माणसं होती, हे मी पाहिलं होतं. पण त्याने सांगितलेल्या वाक्यापुढे मला ते किरकोळ वाटलं.

आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून रा दित्सेले, म्हणजे श्रीयुत दित्सेले, राहतात. तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसतात. त्यांचं फक्त डोकं आपल्याला दिसतं, पण त्यांना आपलं सगळं दिसतं.

"मास्तर, गाडी चुकली तुमची," डोकं म्हणालं. "लावायचं ते पाऊस लागल्यावर, डिसेंबरात लावायचं. आत्ता ऑक्टोबर समोरून येतोय."

"समारंभ नोव्हेंबरात आहे."

"मग समारंभ मार्चला घ्या."

ऑक्टोबर आला. आमच्याकडच्या ऑक्टोबराबद्दल मी जास्त लिहीत नाही. शाळेच्या पत्र्याखाली नववीला वाळवंट शिकवताना मला फळ्यावर काही काढावं लागत नाही. नळाला पाणी दिवसाआड येत होतं आणि रबरी नळीने झाडांना पाणी घालायला बंदी होती. बादलीने चालेल, नळीने नाही. मी दुपारी जेवायला घरी यायचो तेव्हा बादल्या भरून हिरवळीवर ओतायचो, कारण मोकळा वेळ तेवढाच. दुपारच्या पाण्याचं निम्म्याहून जास्त बाष्प होतं, हे मी स्वतः दर वर्षी मुलांना शिकवतो. दर वर्षी तो प्रश्न परीक्षेत असतो.

"शिजवताय का?" भिंतीवरून विचारणा झाली. "मग जरा मीठ पण घाला."

हिरवळ आधी पिवळी झाली, मग शाळेच्या जुन्या फायलींच्या रंगाची. तिला जास्त पाणी हवं आहे असा मी निष्कर्ष काढला आणि आंघोळीचं पाणी वापरायचं ठरवलं. पण मी सरकारी माणूस. दर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी साडेसातशे मुलांना पाणी वाचवण्यावर बोलतो. परवानगीशिवाय काही करणं मला शोभलं नसतं. म्हणून पाणीपुरवठा कार्यालयात गेलो. काचेमागे एक बाई बसल्या होत्या.

"आंघोळीचं पाणी बागेला घातलं तर चालतं का?"

"कोणाच्या आंघोळीचं?"

"माझ्या. आणि घरच्यांच्या."

"म्हणजे सांडपाण्याचा पुनर्वापर. त्याचा फॉर्म असतो."

"द्या."

"संपलेत."

"कधी येतील?"

"फॉर्म मागवायचा फॉर्म गाबोरोनला पाठवलाय."

"तोवर मी काय करू?"

बाईंनी खरोखर विचार केला. त्या वाईट नव्हत्या. "तोवर साठवून ठेवा," त्या म्हणाल्या.

चार दिवस मी आंघोळीचं पाणी साठवलं. पाचव्या दिवशी त्याचा वास बैठकीच्या खोलीत यायला लागला आणि मी परवानगी मिळाली असं धरून ते ओतून टाकलं. दुसऱ्या आठवड्यात हिरवळ गेली. गेली म्हणजे तिथेच होती, पण कोंबड्यासुद्धा तिच्याकडे बघेनात.

आता मी शास्त्रीय मार्गाने जायचं ठरवलं. खरं म्हणजे तिथेच मी थांबायला हवं होतं. शाळेच्या वाचनालयात शेती खात्याची एक जुनी पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं की माती उघडी ठेवू नका, तिच्यावर गवत-पाचोळ्याचं आच्छादन घाला म्हणजे ओल टिकते. मी वाळलेली हिरवळ खणून काढली, दोन कोरफडी लावल्या, एक काटेरी शोभेचं झुडूप लावलं आणि सगळीकडे चार बोटं जाडीचा पेंढा पसरला. काम संपलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. समाधानाने झोपलो.

सकाळी उठलो तर अंगणात अर्धगोलांची नक्षी होती. पेंढा कुंपणाच्या कोपऱ्यात जळत होता.

मी पुन्हा पेंढा आणला. सासूबाईंनी पुन्हा झाडला. त्यांच्या दृष्टीने हा सगळा माझा गबाळेपणा होता आणि तो त्या मुकाट्याने पदरात घेत होत्या. शेवटी मी गाबोरोनला फोन लावला.

"तू आईंना सांग ना," मी बायकोला म्हणालो.

"काय सांगू?"

"की पेंढा झाडू नका."

"अहो, माझ्या आईने पंच्याहत्तर वर्षं अंगण झाडलंय. मी फोनवरून तिला सांगू की आता कचरा राहू दे?"

"कचरा नाही तो, आच्छादन आहे."

"मग तुम्हीच सांगा. भूगोलाचे आहात."

थेट बोलता येईना, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून रा दित्सेलेंशी मोठ्याने बोलायला लागलो. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात ज्वारी निवडत होत्या. "काय होतं बघा," मी म्हणालो, "उघड्या मातीतलं पाणी उडून जातं. माती झाकली की ओल राहते. जुन्या लोकांना हे माहीत नसतं, त्यात त्यांचा दोष नाही."

रा दित्सेले म्हणाले, "मला कशाला सांगताय? मी कुठे झाडतोय?"

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पायाशी आलेल्या लाल कोंबडीकडे बघून त्या म्हणाल्या, "ऐकलंस का गं? पेंढ्याखाली ओल राहते म्हणे. ओलीला बेडूक येतो. बेडकाच्या मागे कोण येतो ते तुला माहीत आहे. तुझी पिल्लं तूच सांभाळ हो."

यापुढे आमचा सगळा संवाद त्या कोंबडीमार्फत झाला. मला कोंबडीशी बोलायचा सराव नव्हता. मी बादलीशी बोलायचो.

पेंढ्यावर उपाय म्हणजे जे झाडता येत नाही ते पसरणं. म्मा मोगापींकडे दगड होते. मी पांढरे गोटे मागवले. ट्रकवाल्याने ते आमच्या दारात टाकायचे ते रा दित्सेलेंच्या दारात टाकले आणि पलीकडच्या गल्लीत कोणाचं तरी सामान पोचवायला निघून गेला. रा दित्सेले फाटक उघडून बाहेर आले. त्यांना पूर्ण उंचीने मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. ते ढिगाऱ्याकडे बघत राहिले. रेल्वेत आयुष्य गेलेल्या माणसाला खडीचा ढीग बघून काय वाटत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"रूळ कधी येतायत?" त्यांनी विचारलं.

तीन दिवस मी संध्याकाळी शाळेतून आलो की घमेल्याने गोटे वाहिले. खालून तण उगवू नये म्हणून आधी अंगणभर काळं प्लॅस्टिक अंथरलं. हे पुस्तिकेत नव्हतं. हे माझं स्वतःचं होतं. प्लॅस्टिक मी मोरूलाच्या बुंध्याला अगदी चिकटवून आणलं, कुठे फट ठेवली नाही. मग बुंध्याभोवती विटांचं गोल आळं बांधलं, त्यात गुडघाभर माती भरली आणि ते सगळं पांढऱ्या गोट्यांनी मढवलं. लांबून बघितलं की झाडाने पांढरे मोजे घातल्यासारखं वाटायचं. मला ते फार आवडलं होतं. हे मी लपवत नाही.

हे मोरूला आमच्या घराच्या आधीचं. वीस वर्षांपूर्वी प्लॉट बघायला गेलो होतो तेव्हा केलेबोन्येने बाकी काही पाहिलंच नाही. कोपऱ्यावरचा दुसरा प्लॉट याहून मोठा होता, रस्त्याला लागून होता. ती या झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा." जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पिवळी फळं अंगणभर पडतात, गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन येतात आणि आमच्या घराला तेवढे दोन महिने मान असतो.

सासूबाईंनी आळ्याकडे पाहिलं आणि कोंबडीला सांगितलं, "झाडाच्या गळ्यापर्यंत माती घातलीय बघ. त्याने श्वास कुठून घ्यायचा?"

मी बादलीला सांगितलं की झाडं पानांनी श्वास घेतात, हे सहावीच्या पुस्तकात आहे.

पांढऱ्या गोट्यांचा एक गुण मला आधी माहीत नव्हता. ऊन त्यांच्यावर पडून परत वर येतं. दुपारी खिडकीतून भिंतीवर असा उजेड यायचा की डोळे मिटून जेवावं लागायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावता येईना. कोंबड्या एक पाय उचलून उभ्या राहायच्या, मग दुसरा. सासूबाईंनी आपलं बसायचं स्टूल झाडाखालून उचललं आणि त्या घराच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायला लागल्या. त्यांनी तक्रार केली नाही. कोंबडीकडेही केली नाही.

आता फक्त पाण्याची सोय राहिली होती. बादल्या वाहून माझी कंबर गेली होती. ठिबकची बारीक नळी ही 'रबरी नळी' आहे का, असं विचारायला मी पुन्हा काचेमागच्या बाईंकडे गेलो नाही. एका रविवारी सकाळी टिकाव घेतला आणि फाटकापासून चर खणायला लागलो. चौथ्या घावाला जमिनीतून पाणी उडालं. माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि वळून रस्त्यावर पडलं.

आमची गल्ली सोडली तर महालाप्येला त्या आठवड्यात नळाला पाणी आलंच नव्हतं, आणि ती वेळ चर्च सुटायची. पांढऱ्या-निळ्या गणवेशातल्या बायका, कोटातले पुरुष, माझे विद्यार्थी, माझ्या विद्यार्थ्यांचे पालक, सगळे येऊन उभे राहिले. मग घरी जाऊन बादल्या घेऊन आले. मी बनियनवर, गुडघ्यापर्यंत चिखलात, दोन्ही हात भोकावर दाबून बसलो होतो. माझा चष्मा वाहून गेला होता. कोणी तरी म्हणालं, "सर, जरा हात काढा ना, बादली भरत नाहीये."

फोन सासूबाईंनी आणून माझ्या कानाला लावला. पाणीपुरवठ्याच्या आणीबाणीच्या नंबरावर एक गृहस्थ होते.

"गळती मीटरच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

"मीटरवरच आहे."

"असं नसतं साहेब. अलीकडे असेल तर आमची. पलीकडे असेल तर तुमची."

"मीटरच हातात आलाय माझ्या."

"मग तो आधी परत जागेवर ठेवा, म्हणजे ठरवता येईल."

शेवटी रा दित्सेले एक लांबलचक पाना घेऊन आले, रस्त्याच्या कडेचं झाकण उचललं आणि दोन वेढ्यांत पाणी बंद केलं.  मग शिट्टी काढायला खिशात हात नेला आणि तिथे शिट्टी नाही हे आठवून परत आणला. सोमवारच्या प्रार्थनेला मी पाणी बचतीवर बोललो नाही. स्वच्छतेवर बोललो. मागच्या तीन रांगा तरी हसल्या.

ऑक्टोबर संपता संपता मोरूलाला दर वर्षी पालवी फुटते. रा दित्सेलेंच्या अंगणातलं मोरूला हिरवंगार झालं होतं. आमच्याला पानं आली ती फिक्की, नंतर कडेने करपून वळायला लागली. मी त्याला जास्त पाणी दिलं. रोज आळं भरून, आंघोळीचं, भांड्यांचं, मिळेल ते. दोन्ही कोरफडी तोवर मऊ पडून आडव्या झाल्या होत्या. तहानेने नव्हे, त्या पिऊन पिऊन मेल्या होत्या. यावरून मला काही कळायला हवं होतं. पण मला एवढंच कळत होतं की समारंभाला तीन आठवडे उरलेत, आणि मी कोरफडींच्या जागी नवीन कोरफडी आणून लावल्या.

बक्षीस समारंभ झाला. उकाड्यात तीन भाषणं झाली, त्यातलं एक माझं. नंतर म्मा मोगापी, आमचे मुख्याध्यापक आणि पाच शिक्षक असे सगळे दोन गाड्यांतून आमच्या घरी आले. दुपारचा एक वाजला होता.

बाई फाटकातून आत आल्या आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. सगळ्यांनीच धरला. एका रांगेत सात माणसं कपाळाला हात लावून माझ्या बागेसमोर उभी होती.

"छान," म्मा मोगापी म्हणाल्या. "अगदी... मोकळं आहे."

त्या दोन पावलं पुढे आल्या. त्यांच्या बुटाची टाच गोट्यांमधून गेली, प्लॅस्टिक फाडून आत रुतली आणि तिथेच राहिली. बाईंचा पाय तेवढा बाहेर आला, आणि तो गोट्यांवर टेकताच लगेच वर गेला. मुख्याध्यापकांनी त्यांना एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. एका पायावर उभ्या असलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांना धरून उभं राहायचं हा प्रसंग माझ्या नोकरीच्या नियमावलीत कुठेच नाही. मी बूट उपसून काढला. त्याबरोबर खालून काळं पाणी आलं आणि असा वास आला की पाचही शिक्षक एक पाऊल मागे सरले.

सासूबाई आल्याच्या सरबताचं तबक घेऊन बाहेर आल्या. म्मा मोगापी सावली शोधत होत्या. झाडाखाली सावली नव्हती. उघड्या फांद्यांच्या सावल्या गोट्यांवर पडल्या होत्या, त्यात काय बसणार. काही तरी बोलायला हवं म्हणून बाईंनी वर बघत विचारलं, "आजी, हे झाड कुठलं?"

"मोरूला होतं," सासूबाई म्हणाल्या.

त्या कोंबडीकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आमची नजरानजर झाली, आणि ती मी सोडवून घेऊ शकलो नाही.

पाहुणे सरबत उभ्या उभ्या पिऊन गेले. मी समारंभाचा कोट काढून खिडकीत टाकला, फावडं घेतलं आणि आळ्याच्या विटा उचकटायला लागलो. थोड्या वेळाने बघतो तर सासूबाई समोरच्या बाजूला गुडघ्यांवर बसून हातांनी गोटे बाजूला सारत होत्या.

"आई, हात भाजतील," मी म्हणालो. थेट त्यांना म्हणालो.

"भाजू देत. तुम्ही ते प्लॅस्टिक ओढा, जावईबापू. माझ्याच्याने निघत नाही."

मी ओढलं. खालची माती शेणासारखी काळी आणि चिकट झाली होती. बुंध्याला चिकटलेली माती काढली तशी सालही तिच्याबरोबर निघून आली. बोट लावलं की आत जायचं. मी भूगोलाचा माणूस, मला ओल आणि निचरा यांच्या व्याख्या पाठ आहेत. मी तिथे चिखलात बसलो आणि मला एकही आठवेना. रा दित्सेले कधी भिंतीपलीकडून आले कळलं नाही. ते घमेली भरून गोटे फाटकाशी नेऊन टाकत होते. अंधार पडायच्या आत आम्ही तिघांनी झाड मोकळं केलं. सासूबाई म्हणाल्या, "आता जे वर आहे त्याच्या हातात." मला वाटलं त्या देवाबद्दल बोलतायत. त्या फांद्यांकडे बघत होत्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज एकच विचार केला. केलेबोन्येला काय सांगायचं? फोनवर काही बोललो नाही. "झाड कसं आहे?" असं तिने विचारलं नाही, आणि विचारलं नाही याबद्दल मी तिचे मनातल्या मनात आभार मानत राहिलो.

डिसेंबरच्या मध्याला ती आली. टॅक्सीतून उतरली. फाटकाशी पांढऱ्या गोट्यांचा तिच्या छातीएवढा ढीग होता, जो आजवर फुकटसुद्धा कोणी नेलेला नाही. आत खणलेली, उखडलेली माती, चार मेलेल्या कोरफडी आणि उघडं झाड. तिने पिशवी खाली ठेवली.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मीच करून घेतलं. म्हातारपणी हौस सुचली. यांना मी सांगितलं की मला दगड हवेत."

त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मग मी म्हणालो, "नाही गं. त्यांनी नाही. सगळं मी केलं. शिक्षणाधिकारी बाईंना मी खोटं सांगितलं होतं, आणि त्यापायी..."

"माहीत आहे," केलेबोन्ये म्हणाली. "रा दित्सेले दर रविवारी फोन करतात मला."

भिंतीवरचं डोकं खाली गेलं.

"माहीत होतं तर थांबवलं का नाहीस?"

"पेंढ्याच्या वेळीच थांबवणार होते. आई म्हणाली, राहू दे. बायको घरात नसलेला पुरुष एक तर प्यायला जातो, नाही तर खणत बसतो. खणतोय ते बरं." तिने फांद्यांकडे पाहिलं. "झाडाचं एवढं होईल हे आम्हाला कोणालाच उशिरापर्यंत कळलं नाही. त्यात मीही आले."

मग ती झाडापाशी गेली. पेशंटच्या खाटेपाशी जाते तशी, घाई न करता. एक फांदी खाली ओढून नखाने साल खरवडली. आत तपकिरी होतं. दुसरी फांदी खरवडली. तपकिरी. आम्ही दोघं मागे उभे होतो, नातेवाईक उभे राहतात तसे. ती वळसा घालून रा दित्सेलेंच्या भिंतीच्या बाजूला गेली, तिथे माझं प्लॅस्टिक थोडं अपुरं पडलं होतं. तिथलीही एक फांदी खरवडली.

"अर्धं आहे," ती म्हणाली. "या बाजूचं हिरवं आहे. वाचलं तर एवढंच वाचेल."

"मी याला खत घालू का?" मी विचारलं. "किंवा मेलेल्या फांद्या कापून—"

"काही करायचं नाही," केलेबोन्ये म्हणाली. "खत नाही, पाणी नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. काही म्हणजे काहीही करायचं नाही."

सासूबाईंनी मान हलवली. भिंतीमागून "बरोबर" असं ऐकू आलं.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. या फेब्रुवारीत त्या अर्ध्या झाडाला फळं आली, सव्वा टोपली. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनी बघितलं आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत गेल्या. जाताना मला विचारून गेल्या की मास्तर, तब्येत बरी आहे ना. म्मा मोगापींची बदली झालेली नाही. त्या दर बैठकीत माझ्याकडे बघून आधी हसतात आणि नंतर आपल्या बुटांकडे बघतात.

मी रोज शाळेतून आल्यावर झाडाखाली खुर्ची टाकून बसतो आणि काहीही करत नाही. केलेबोन्ये स्वयंपाकघराच्या खिडकीतून मधूनमधून डोकावून मी ते करतोय ना, हे बघून जाते. सगळ्यांनी मिळून माझ्यावर सोपवलेलं हे एवढंच काम आहे, आणि तेही मला अजून नीटसं जमत नाही.